लांबच्या एकट्या प्रवासाचा पहिला मुक्काम नाशिकला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मूळची साताऱ्याची. पहिल्यांदा एकटीनं लांब निघाले तेव्हा पहिल्या दोन रात्री नाशिकला काढल्या आणि तिथून पुढे साडेतीन महिने मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश, बिहार करत आसामपर्यंत गेले. नंतर नोकरीमुळे नाशिकलाच घर झालं. तेव्हापासून ओळखीतलं किंवा ओळखीच्या ओळखीतलं कुणी एकटं निघणार असलं की फोन येतो. प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे.

लांब जायचं ठरलंय, मग पहिला थांबा इतक्या जवळ कशाला? एका दमात इंदूर किंवा भोपाळ का गाठू नये?

गाठता येतं. पण एकट्या प्रवासातल्या बऱ्याच चुका पहिल्या दोन दिवसांतच उघड्या पडतात. बॅगेचा पट्टा खांद्याला काचतो. चपला चावतात. रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी घरीच राहिलेली असते. बँकेचा ओटीपी ज्या नंबरवर येतो ते सिम दुसऱ्या फोनमध्ये असतं. हे सगळं जिथे आपली भाषा चालते आणि घर एका रात्रीच्या अंतरावर आहे तिथे कळलं, तर निस्तरायला सोपं जातं. नाटकवाले पहिल्या प्रयोगाआधी रंगीत तालीम करतात, तशी ही तालीम समजा.

त्यासाठी नाशिक सोयीचं पडतं. मुंबईहून रस्त्यानं साधारण १७० किलोमीटर, पुण्याहून २१०. मुंबईहून भुसावळ-इटारसीकडे जाणारी मुख्य रेल्वेलाइन इथून जाते. मुंबई-आग्रा रस्ता चांदवड, मालेगाव, धुळे, शिरपूर करत सेंधव्याला मध्य प्रदेशात शिरतो. इंदूर इथून चारशे किलोमीटरच्या आसपास. सुरतेकडे जायला सापुताऱ्याचा रस्ता, वलसाडकडे जायला पेठ-धरमपूरचा. म्हणजे नाशिकला आल्यावरही दिशा बदलायची मुभा राहते. मी घरून निघाले तेव्हा माझ्या डोक्यात गुजरात होतं.

एक रात्र पुरे की दोन?

दोन. एका रात्रीत फक्त झोप होते. तिसरी रात्र मात्र काढू नका, पाय जड होतात.

रेल्वेचं मुंबई ते पुढचं थेट तिकीट काढून मध्ये नाशिकला उतरता येतं का?

या प्रश्नावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून सविस्तर सांगते. रेल्वेत प्रवास मध्ये तोडायची सोय आहे, त्याला ब्रेक जर्नी म्हणतात. पण ती ५०० किलोमीटरपेक्षा लांबच्या तिकिटावर मिळते आणि पहिला थांबा निघाल्यापासून ५०० किलोमीटर झाल्यावरच घेता येतो. सीएसएमटी ते नाशिक रोड हे अंतर १९० किलोमीटरही नाही. त्यामुळे मुंबईहून वाराणसीचं तिकीट काढून नाशिकला दोन दिवस थांबायचं आणि त्याच तिकिटावर पुढे जायचं, असं करता येत नाही.

म्हणून दोन तुकडे करा. मुंबई-नाशिक हा पहिला तुकडा एसटीनं किंवा दिवसाच्या गाडीनं. पुढचं आरक्षण वेगळं. दोन तिकिटं मिळून थोडे जास्त पैसे जातात, कारण रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं किलोमीटरमागे कमी होत जातं.

आता यातली एक खुबी. नाशिक रोडहून पुढचं तिकीट काढायला गेलं की पुष्कळदा वेटिंग दिसतं, आणि मधल्या स्टेशनांच्या कोट्यातलं वेटिंग कन्फर्म होणं अवघड असतं. गाडी जिथून सुटते तिथल्या जनरल वेटिंगची यादी त्या मानानं लवकर सरकते. अशा वेळी तिकीट मुंबईपासूनचं काढा आणि काढतानाच बोर्डिंग स्टेशन नाशिक रोड टाका. भाडं मुंबईपासूनचं लागेल, पण जागा मिळण्याची शक्यता वाढते. बोर्डिंग न बदलता मुंबईचं तिकीट घेऊन नाशिकला चढायचा बेत करू नका. चढायच्या स्टेशनवर तुम्ही दिसला नाहीत तर टीसी तुमचा बर्थ दुसऱ्याला देऊ शकतो. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख पक्की असेल तर लवकर बसा.

मुंबईहून गाडीनं आलात तर कसाऱ्याला जागे राहा. तिथे गाडीला मागून जादा इंजिनं लावतात आणि ती इगतपुरीपर्यंत गाडी घाटातून वर ढकलतात. चढ ३७ फुटांना एक फूट इतका आहे. पावसाळ्यात हा अर्धा तास खिडकी सोडवत नाही.

कुठे उतरायचं? स्टेशन शहरात आहे ना?

नाही, आणि नवख्या माणसाची इथेच फसगत होते. नाशिक रोड स्टेशन जुन्या शहरापासून नऊ-दहा किलोमीटर लांब आहे. स्टेशनबाहेरून शेअर रिक्षा आणि सिटीलिंकच्या बस शहराकडे जातात. सिटीलिंक जुलै २०२१ पासून चालू आहे. रिक्षावाल्याला नुसतं ‘नाशिक’ म्हणू नका. सीबीएस (म्हणजे मध्यवर्ती बसस्टँड), शालिमार, द्वारका, पंचवटी कारंजा, निमाणी यांपैकी एक नाव सांगा.

पुण्याहून येणाऱ्या बहुतेक एसटी नाशिक रोडवरूनच शहरात शिरतात. पुढचा प्रवास रेल्वेचा असेल आणि रात्री उशीर झाला असेल तर तिथेच उतरून तिथेच मुक्काम करा. अपरात्री दहा किलोमीटर जाऊन पहाटे परत येण्यात काही राम नाही.

बायकांना महाराष्ट्रात एसटीचं निम्मं तिकीट आहे, मार्च २०२३ पासून. राज्याची हद्द संपली की ती सवलत संपते. खर्चाचा हिशेब मांडताना हे धरा.

एकट्या माणसाला खोली मिळते का?

मिळते, पण आधी विचारावं लागतं. पंचवटीत धर्मशाळा आणि भक्त निवास भरपूर आहेत, स्वस्तही आहेत. त्यातल्या बऱ्याच ठिकाणी एकट्या माणसाला खोली देत नाहीत, मग तो पुरुष असो की बाई. काही बरंवाईट झालं तर पोलिसांचा ससेमिरा नको, ही त्यामागची भीती. एकट्या सज्ञान माणसाला खोली देऊ नये असा कायदा कुठेही नाही, पण रात्री नऊ वाजता काउंटरवर कायदा सांगून खोली मिळत नसते.

माझ्या बाबतीत हेच झालं होतं. फोनवर ‘या, खोली आहे’ म्हणाले. पाठीवर बॅग घेऊन पोचले तर विचारलं, ‘बरोबर कोण आहे?’ कुणी नाही म्हटल्यावर रजिस्टर मिटलं. रस्त्यावर उभी राहून रडू आवरलं होतं मी. पलीकडच्या चहावाल्या काकांनी दोन गल्ल्या सोडून एक लॉज दाखवला, तिथल्या मावशींनी काही न विचारता किल्ली दिली. म्हणून सांगते: फोनवर पहिलं वाक्य हेच असू द्या, ‘मी एकटीच आहे, दोन रात्री राहणार, चालेल ना?’ हो म्हणणाऱ्याचं नाव विचारून ठेवा आणि पोचल्यावर तेच नाव घ्या. शक्यतो उजेडात पोचा.

ओळखपत्र म्हणून मास्क्ड आधार वापरा. यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड होतं आणि त्यात फक्त शेवटचे चार आकडे दिसतात. पुढे चाळीस-पन्नास काउंटरवर ती प्रत द्यायची आहे, तेव्हा सवय पहिल्याच मुक्कामाला लावून घ्या.

कोणत्या भागात राहू?

सकाळी घाटावर जायचं असेल तर पंचवटी. पहाटेची एसटी धरायची असेल तर सीबीएस-ठक्कर बाजारच्या आसपास. रेल्वे असेल तर नाशिक रोड. कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे हॉटेलं चांगली आहेत, पण तिथून सगळंच थोडं लांब पडतं.

एकटी बाई म्हणून रात्री फिरणं सुरक्षित आहे का?

मेन रोड, शालिमार, कॉलेज रोड, पंचवटी कारंजा इथे रात्री साडेनऊ-दहापर्यंत बायका-मुलींची वर्दळ असते आणि मी स्वतः निर्धास्त फिरते. घाटावर दिवेलागणीला गर्दी असते. ती पांगली की मीही उठते. स्टेशन आणि बसस्टँडचा परिसर रात्री अकरानंतर मला आवडत नाही, तिथे रेंगाळू नका. पोलिसांसाठी ११२ आणि रेल्वेत १३९ हे नंबर फोनमध्ये नुसते साठवू नका, तोंडपाठ करा. फोन हातातून गेला तर दुसऱ्याच्या फोनवरून लावता आले पाहिजेत.

पूर्ण दिवस हातात आहे. त्र्यंबकेश्वर, शिर्डी आणि वणी एका दिवसात होईल का?

गाडी करून पळत होईल. पण मी नको म्हणेन. त्र्यंबक २८-३० किलोमीटर, वणीचा सप्तशृंगगड साठेक, शिर्डी नव्वदच्या घरात, आणि तिन्ही वेगवेगळ्या दिशांना. रांगांमध्ये दिवस जाईल आणि दुसऱ्या दिवशी थकून पुढे निघाल. मनात ओढ असेल तर फक्त त्र्यंबक करा, सोमवार आणि श्रावण टाळून. ब्रह्मगिरीवर गोदावरी उगम पावते आणि तिथून सुमारे १४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते.

माझा आग्रह मात्र पांडवलेण्यांचा. मुंबई रस्त्यावर, शहरापासून आठेक किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगर आहे. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक, वर २४ लेणी. नाव पांडवांचं असलं तरी लेणी बौद्ध भिक्षूंसाठी खोदलेली आहेत, सातवाहन आणि क्षत्रपांच्या काळातली. सकाळी लवकर जा, पायऱ्या दमवतात. बहुतेक लोक तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख बघून परततात. तिनं आपल्या मुलाचं, गौतमीपुत्र सातकर्णीचं, केलेलं वर्णन त्यात आहे आणि तो बघायलाच हवा. पण एकट्या प्रवाशानं दहाव्या लेण्याच्या ओसरीत थांबावं.

तिथल्या भिंतीवर क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख कोरलेला आहे, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यात त्याच्या दानांची यादी आहे. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आजचं भडोच, मंदसौर, नाशिकजवळचं गोवर्धन आणि नालासोपारा, या चार ठिकाणी त्यानं प्रवाशांना उतरायला चौसोपी धर्मशाळा बांधून दिल्या. पुढे सहा नद्यांची नावं येतात: इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा, दाहनुका. या नद्यांवर त्यानं होड्या ठेवल्या, उतारूंकडून पैसे न घेणाऱ्या. आणि नदीच्या दोन्ही तीरांवर बसायला मंडप आणि प्यायला पाणपोया.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा आदल्या रात्री लॉजवरून परत पाठवलं गेल्याचा सल मनात होता. लेखात काय लिहिलंय ते तिथे भेटलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी ओळीवर बोट धरून सांगितलं. अक्षरं मला आजही वाचता येत नाहीत. पण जवळपास १९०० वर्षांपूर्वी, याच गावाच्या वेशीवर, वाटसरूला छप्पर आणि नदीपार जायला होडी देणं ही राजघराण्यातल्या माणसाला दगडात कोरून ठेवण्याइतकी मोठी गोष्ट वाटली होती, हे कळल्यावर मी बराच वेळ तिथेच बसून राहिले. पुढे मंदसौरला उतरले ते केवळ या लेखामुळे. माझ्या मूळ बेतात ते गाव नव्हतंच.

संध्याकाळी काय करू?

गंगेवर जा. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, तेव्हा वाट विचारतानाही ‘गंगेवर कसं जायचं’ असंच विचारा. आधी काळाराम मंदिर बघा. काळ्या दगडाचं, अठराव्या शतकाच्या शेवटी पेशवाईतले सरदार ओढेकर यांनी बांधवलेलं. याच मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, तो पुढे पाच वर्षं चालला. दादासाहेब गायकवाडांनी इथे तो नेटानं लावून धरला. आत जाताना हे आठवावं असं मला वाटतं.

तिथून उतरत रामकुंडावर या. पायरीवर कडेला बसा. अस्थी घेऊन आलेली कुटुंबं दिसतील, नव्या नवरानवरीची जोडी दिसेल, पोहणारी पोरं दिसतील. दुतोंड्या मारुती, म्हणजे नदीच्या पात्रातली मारुतीची दोन तोंडांची उंच मूर्ती, शोधा. पूर आला की पाणी मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, अशा मापानं नाशिककर पूर मोजतात. जवळच सराफ बाजार आणि भांडी बाजार आहे. मी तिथून स्टीलचं एक फुलपात्र घेतलं होतं आणि पुढे शंभरहून जास्त दिवस त्यातूनच चहा, पाणी, कधी डाळ प्यायले.

खायचं काय?

सकाळी मिसळ. इथली मिसळ काळ्या मसाल्याच्या रश्श्याची, सोबत पाव, पापड, दही. एकट्या माणसाला हे खाणं सोयीचं, कारण एक ताट, एक टेबल, कुणी चमकून बघत नाही. रविवारी सकाळी मात्र सगळं शहर मिसळीला लोटतं, तेव्हा आठच्या आत जा. पुढे लांबचा प्रवास असेल त्या दिवशी तर्री वेगळी मागा आणि बेतानं घ्या. बरोबर न्यायला चिवडा घ्या, कोंडाजीचा किंवा तुम्हाला आवडेल तो. हवाबंद ठेवला तर चांगला टिकतो आणि डब्यात शेजाऱ्याशी बोलणं सुरू करायला उपयोगी पडतो. द्राक्षांचा हंगाम जानेवारी ते मार्च. ती इथेच खा, बॅगेत नेऊ नका.

सामान जास्त झालंय असं वाटतंय. आता काय?

उत्तम, हे नाशिकलाच कळलं. पहिल्या रात्री खोलीत सगळी बॅग पलंगावर उपडी करा. दिवसभरात ज्याला हात लागला ते उजवीकडे, नाही लागला ते डावीकडे. औषधं, रेनकोट आणि गरम कपडा सोडून डावीकडचं सगळं संशयित धरा. दुसऱ्या दिवशी खोकं भरून टपालानं घरी पाठवा. मुख्य टपाल कार्यालयाला इथे जीपीओ म्हणतात. मी तीन पुस्तकं, एक जादा चादर, दोन ड्रेस आणि आईनं दिलेला पितळी दिवा परत पाठवला होता. दिवा पाठवताना वाईट वाटलं, पण पुढे प्रत्येक जिन्यावर बरं वाटलं.

पैशांची विभागणीही याच रात्री करा. एक कार्ड पाकिटात, दुसरं बॅगेच्या तळाशी, थोडी रोख रक्कम तिसऱ्याच जागी. घरच्यांच्या फोन नंबरांचा कागद चौथ्या जागी.

मी बाईकवर निघालोय. काही वेगळं?

समृद्धी महामार्ग धरायचा विचार असेल तर सोडा, तिथे दुचाकीला बंदी आहे. उत्तरेकडे जुना आग्रा रस्ताच घ्या. नाशिकपर्यंतच्या पहिल्या टप्प्यात चेन किती सैल झाली, कॅरिअरचे बोल्ट हलले का, सामान एका बाजूला झुकतंय का हे कळतं. मेकॅनिकला इथेच दाखवा. चांदवडला रेणुका देवीचं मंदिर आणि होळकरांचा रंगमहाल आहे, पहिला चहा तिथे घ्या.

सायकलवर असेन तर?

मग तुम्ही योग्य गावात आलात. २०१५ साली इथल्याच डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. इथे सायकल चालवणारे खूप आहेत आणि दुकानात गेलात की पुढच्या रस्त्याची माहितीही मिळते. जादा ट्यूब आणि ब्रेक पॅड इथूनच घ्या.

कोणत्या दिवसांत येऊ नये?

पावसाळ्यात या, फक्त गोदाकाठची मंदिरं पाण्यात असू शकतात आणि इगतपुरी-कसारा पट्ट्यात वेळ जातो हे धरून चाला. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगल्याच गारठतात. २०२७ मध्ये सिंहस्थ आहे, मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. तेव्हा कुंभासाठीच येत असाल तर या. नुसत्या मुक्कामासाठी मनमाड किंवा धुळे बरं.

घरचे दर तासाला फोन करतात. काय करू?

पहिल्या मुक्कामालाच वेळ ठरवून टाका. मी आईला सांगितलं होतं, रात्री साडेआठला मी फोन करणार, आणि नाही आला तर साडेनऊला तू करायचा. तोपर्यंत काळजी करायची नाही. नाशिकच्या दोन्ही रात्री ही वेळ तंतोतंत पाळली, म्हणून पुढे पाटण्याला नेटवर्क गेलं तेव्हा ती एक तास थांबू शकली.

पहिल्याच रात्री परत जावंसं वाटलं तर?

वाटतं. मला वाटलं होतं. रात्री दहाला साताऱ्याकडची पहिली एसटी किती वाजता आहे ते मी शोधून ठेवलं होतं. त्या क्षणी काही ठरवू नका. जेवला नसाल तर खाली उतरून जेवा, मग झोपा. सकाळी आंघोळ आणि चहा झाल्यावर पुन्हा स्वतःला विचारा. तेव्हाही उत्तर ‘परत’ असंच आलं तर ठक्कर बाजारला जाऊन गाडीत बसा आणि कुणालाही कारण देत बसू नका. माझ्या ओळखीच्या एक ताई दोन वेळा नाशिकहून परत गेल्या. तिसऱ्या खेपेला त्या माझ्याकडेच उतरल्या होत्या; मी त्यांना पहाटे नाशिक रोडला सोडलं, त्या खांडव्याला उतरल्या, आणि ओंकारेश्वरहून त्यांनी नर्मदा परिक्रमा उचलली.